नाताळच्या किनाऱ्यासमोर नाताळ

मराठी भाषेत एक मोठा गमतीचा योग जुळून आला आहे. पंचवीस डिसेंबरच्या सणाला आपण नाताळ म्हणतो. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या प्रांतात मोहनदास करमचंद गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरच्या सार्वजनिक आयुष्याला सुरुवात झाली, त्या प्रांतालाही जुन्या मराठी पुस्तकांतून नाताळच म्हटलेले आढळते. गांधीजींच्या गुजरातीतही तेच. हा नुसता उच्चारांचा सारखेपणा नव्हे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ ख्रिस्तजन्म. गोव्या-वसईच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला आणि इथलाच होऊन गेला. तिकडे १४९७ सालच्या डिसेंबरात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने वर सरकत असताना हा सण आला, म्हणून त्याने त्या किनाऱ्याला सणाचेच नाव देऊन टाकले. भर समुद्रात आलेल्या एका सणाची आठवण त्या प्रांताच्या नावातच अशी दडून राहिली आहे.

पुढे ३९९ वर्षांनी, म्हणजे १८९६ साली, त्याच किनाऱ्यासमोर, दरबान बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या एका आगबोटीवर पुन्हा हा सण साजरा झाला. यजमान बोटीचा गोरा कप्तान होता आणि पाहुण्यांत मुख्य होते सत्तावीस वर्षांचे गांधीजी, कस्तुरबा आणि त्यांच्याबरोबरची मुले. बंदरावर गोऱ्या वस्तीच्या सभा भरत होत्या. या पाहुण्याला किनाऱ्यावर पाय ठेवू द्यायचा नाही, असे तिथे ठरत होते.

आफ्रिकेतल्या गांधीजींचा विषय निघाला की आपल्याला पहिल्यांदा पीटरमॅरित्झबर्गचे स्टेशन आठवते. थंडीची रात्र, पहिल्या वर्गाच्या डब्यातून बाहेर काढलेला काळा बॅरिस्टर, फलाटावर पडलेले सामान. पाठ्यपुस्तकांनी आणि सिनेमाने तो प्रसंग आपल्या मनावर कोरून ठेवला आहे. मला मात्र आत्मकथा वाचताना दर वेळी या बोटीवरच्या जेवणापाशी थांबावेसे वाटते. गांधीजींनी त्याला मोजक्याच ओळी दिल्या आहेत. पण परक्याच्या सणाला, परक्याच्या पंगतीला बसताना माणसाने स्वतःचे काय सांभाळावे आणि यजमानाचे काय राखावे, याचा एक धडाच त्या ओळींत आहे, असे मला वाटत आले आहे. शिवाय त्या जेवणानंतर बोलले गेलेले शब्द तीन आठवड्यांच्या आत वसूल केले गेले. सणासुदीच्या भाषणांच्या वाट्याला असे भाग्य, किंवा दुर्भाग्य, क्वचितच येते.

परका शिष्टाचार आणि समुद्रप्रवास यांची गांधीजींशी पहिली गाठ पडली ती १८८८ साली. समुद्र ओलांडल्याबद्दल जातीने बहिष्कार घातला होता. मांस, मद्य आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी शपथ आईसमोर घेतली होती. त्या वर्षी ४ सप्टेंबरला ‘क्लाइड’ बोटीने ते मुंबईहून निघाले तेव्हा इंग्रजी बोलायचा सराव नव्हता. कोणी काही विचारले तर उत्तर मनात आधी जुळवावे लागे. काटा-चमचा कसा धरावा हे ठाऊक नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढणाऱ्याला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून हा अठरा वर्षांचा मुलगा जेवणघरात गेलाच नाही. घरून बांधून आणलेली मिठाई आणि फळे यांवर केबिनमध्ये बसून त्याने दिवस काढले. बिस्केच्या उपसागरात मांसावाचून माणूस तगत नाही, अशी भीती एका गोऱ्या सहप्रवाशाने घातली. तरीही मुलगा तगला. मात्र पंगतीपासून दूर राहून तगला.

लंडनमध्ये तीन वर्षे काढल्यावर काटा-चमच्याचा धाक गेला. शाकाहारी मंडळींच्या संगतीत तोंड उघडण्याचा थोडा सराव झाला. शाकाहारी खाणावळीत भेटलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थाच्या आग्रहाखातर बायबल हाती आले. जुना करार वाचताना झोप येई. पण नव्या करारातले डोंगरावरचे प्रवचन काळजाला भिडले. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, हे सांगणे त्यांना परके वाटले नाही. अपकाराची फेड उपकाराने करावी, हे लहानपणी गुजराती कवितेतून मनावर ठसलेले होतेच.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते आफ्रिकेला गेले, तेव्हा प्रिटोरियात त्यांच्याभोवती भाविक ख्रिस्ती मित्रांचा गोतावळा जमला. त्यांतल्या कोट्स नावाच्या सज्जन मित्राला गांधीजींच्या गळ्यातली तुळशीच्या मण्यांची कंठी खटके. ही अंधश्रद्धा आहे, मी ती तोडून टाकतो, असे त्याने सुचवले. गांधीजींनी नकार दिला. कंठीत काही गूढ सामर्थ्य आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती आईने प्रेमाने घातली आहे आणि सबळ कारणावाचून मी ती काढणार नाही, एवढेच. आपोआप तुटली तर नवी घालण्याचा हट्ट नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. मित्राबरोबर ते प्रार्थनेला बसत, त्याने दिलेली पुस्तके वाचत, आणि कंठी गळ्यात तशीच राही. बोटीवरच्या जेवणाला तीन वर्षांनी जो पाहुणा बसला त्याची तयारी अशी झालेली होती.

आता १८९६ कडे येऊ. नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदी मजूर नेण्याची पद्धत १८६० पासून सुरू होती. मजूर हवे होते; पण मुदत संपल्यावर ते तिथेच राहिले, जमिनी करू लागले आणि त्यांच्यामागून गुजराती व्यापारी आले, तेव्हा गोऱ्यांच्या पोटात दुखू लागले. हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचा कायदा पुढे आला, मुदत संपलेल्या मजुरावर तीन पौंडांचा कर बसला. याविरुद्ध गांधीजींनी १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली. १८९६ च्या मध्यावर ते कुटुंबाला न्यायला हिंदुस्थानात आले आणि राजकोटला बसून त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची हकीकत लिहून काढली. वेष्टनाच्या रंगावरून तिचे नाव हिरवे पुस्तक असे पडले. दहा हजार प्रती छापल्या. गल्लीतली पोरे गोळा करून त्यांच्याकडून प्रतींच्या घड्या आणि टपालाची बांधाबांध करून घेतली आणि मोबदल्यात त्यांना वापरलेली तिकिटे वाटली.

मग दौरा सुरू झाला. मुंबईत सर फिरोजशहा मेहतांनी सभा बोलावली. पण गांधीजींचा आवाज सभागृहात पोचेना, तेव्हा दिनशा वाच्छांनी त्यांचे भाषण वाचून दाखवले. पुण्यात ते लोकमान्यांना भेटले, फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांना भेटले, डॉ. भांडारकरांना भेटले. टिळक आणि गोखले यांच्या दोन वेगळ्या गटांत दुवा म्हणून अध्यक्षपदाला भांडारकरांना गाठायचे, हा सल्ला दोघांनीही दिला, ही पुण्याची त्या वेळची एक मोठी बोलकी खूण आहे. फिरोजशहा हिमालयासारखे, लोकमान्य समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे वाटले, ही गांधीजींची प्रसिद्ध तुलना याच दौऱ्यातली.

इकडे हा दौरा चालू असताना हिरव्या पुस्तकाचा सारांश रॉयटरने तारेने विलायतेला पाठवला होता आणि तिथून त्याचा तीन ओळींचा सारांश नाताळला पोचला होता. मूळ पुस्तकात गांधीजींनी आफ्रिकेत बोलत त्याहून सौम्यच लिहिले होते. तीन ओळींत मात्र हिंदी लोकांना नाताळात लुटतात, मारतात, त्यांची दाद लागत नाही, असे ठणठणीत विधान उरले. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या कुणालाही सारांशाची ही करामत नवी नाही. दरबानची गोरी वस्ती खवळली. कलकत्त्यात असताना ताबडतोब परत या, अशी तार आली आणि ३० नोव्हेंबर १८९६ रोजी गांधीजी मुंबईहून ‘कुरलँड’ बोटीवर चढले. बोट दादा अब्दुल्लांनी नुकतीच विकत घेतलेली होती आणि गांधी कुटुंबाला भाडे पडले नाही. बरोबर कस्तुरबा, आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि विधवा बहिणीचा मुलगा होता. त्याच सुमारास ‘नादेरी’ नावाची दुसरी बोटही निघाली. दोन्ही बोटींवर मिळून सुमारे आठशे माणसे होती, असे गांधीजींनी आठवणीने लिहिले आहे. त्यांतली निम्मी ट्रान्सवालला जाणारी होती.

या प्रवासात कुटुंबाच्या वाट्याला आणखी एक परका रिवाज आला होता, आणि तो लादणारे खुद्द गांधीजी होते. सुधारलेले दिसायचे तर युरोपियनांच्या जवळ जाणारा वेश हवा, अशी त्यांची त्या वेळी ठाम समजूत होती. पारशी मंडळी हिंदी लोकांत सर्वांत सुधारलेली मानली जात. म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण. बूट आणि मोजे सर्वांनाच. बुटांनी पाय आवळले जात, मोज्यांना घामाचा वास येई, बोटे सोलवटत. शिवाय जेवताना काटा-सुरी. कस्तुरबांनी आणि मुलांनी हे सारे नाइलाजाने सोसले, याची कबुली पुढे गांधीजींनी स्वतःच दिली आहे. १८८८ साली काटा-चमच्याला भिऊन केबिनमध्ये लपलेला मुलगा आठ वर्षांनी बायकोला आणि पोरांना काटा-चमचा धरायला लावत होता. सुधारणेचा हा सोस उतरल्यावर काटे-सुऱ्याही गेल्या आणि मोजेही गेले. पण त्या नाताळच्या जेवणाला कस्तुरबा आणि मुले याच वेशात बसलेली असणार, हे लक्षात ठेवायला हवे.

‘कुरलँड’ मधल्या बंदरांना न लागता सरळ नाताळकडे निघाली होती. अठरा दिवसांचा प्रवास. किनारा चार दिवसांवर राहिला असताना जबरदस्त तुफान झाले. दक्षिण गोलार्धात डिसेंबर हा उन्हाळ्याचा महिना, आणि त्या समुद्रात त्या दिवसांत अशी तुफाने होतात. बोट फुटते की काय असे वाटावे इतकी हलू लागली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे आपापले भेद विसरून एकाच ईश्वराचा धावा करू लागले. कप्तानही त्यांच्यात येऊन उभा राहिला. आपली बोट मजबूत आहे, असा धीर देत राहिला. गांधीजींना बोट लागत नसे. ते प्रवाशांमध्ये फिरून दर तासाला कप्तानाचा निरोप पोचवीत होते. चोवीस तासांनी आभाळ उघडले आणि माणसे पुन्हा पहिल्यासारखी झाली. मरणाची भीती गेली तशी प्रार्थनेतली ती आर्तताही गेली, हे गांधीजींच्या नजरेतून सुटले नाही. मात्र या तुफानाने कप्तान आणि हा हिंदी बॅरिस्टर यांच्यात एक नाते जोडले. पुढचे जेवण या नात्यातून आलेले आहे.

डिसेंबरच्या १८-१९ तारखेला बोट दरबानला लागली, पण उतारूंना उतरता येईना. बोटीवर पिवळे निशाण चढले. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले होते आणि मुंबईहून येणारी बोट म्हणजे संशयित बोट, असा सगळ्या बंदरांचा नियम झाला होता. प्लेगचे जंतू वाढायला फार तर २३ दिवस लागतात, असे वैद्यकाचे तेव्हाचे मत. मुंबई सोडल्याला २३ दिवस होईपर्यंत बोट बाहेर ठेवायची, म्हणजे उरले पाच दिवस. इथवर सगळे नियमाला धरून होते. पण पाच दिवसांनीही निशाण उतरले नाही. क्वारंटाईनची मुदत वाढत गेली. कारण जंतूंपेक्षा उतारूंची भीती मोठी होती.

शहरात रोज सभा भरत होत्या. गांधींनी हिंदुस्थानात जाऊन नाताळच्या गोऱ्यांची नालस्ती केली आणि आता दोन बोटी भरून हिंदी लोक वसाहत बुडवायला आणले, असे दोन आरोप होते. बोटी परत फिरवा, नुकसान भरून देतो, असे आमिष दादा अब्दुल्लांच्या पेढीला दाखवले जात होते. उतरलात तर समुद्रात ढकलू, अशा धमक्या उतारूंना येत होत्या. पेढीने दोन्हींना दाद दिली नाही. बोटीवर गांधीजी उतारूंचे मन रमावे म्हणून खेळ लावत होते, ‘नादेरी’वरच्या लोकांना धीराचे निरोप धाडत होते. अशा दिवसांत पंचवीस डिसेंबर उजाडला.

कप्तान मिल्न याने पहिल्या वर्गाच्या उतारूंना जेवणाचे आमंत्रण दिले. मला या आमंत्रणाचे मोल फार वाटते. किनाऱ्यावरचे त्याचे धर्मबांधव ज्याला बुडवायला निघाले होते, त्यालाच या खलाशाने आपल्या सणाला मानाने बोलावले. आणि गांधीजींनीही अंग चोरले नाही. क्लाइड बोटीवरचा लाजरा मुलगा आता कुटुंबकबिल्यासह टेबलाशी बसला. आईची शपथ पाळून बसला, एवढाच काय तो फरक राखला. हसण्याखिदळण्यात भाग घेतला. मन मात्र दरबानमध्ये गुंतलेले होते, कारण सारा रोख आपल्यावर आहे हे त्यांना कळत होते.

जेवणानंतर भाषणे करण्याचा इंग्रजी रिवाज. अशा भाषणात यजमानाचे आभार मानावेत, थोडा विनोद करावा, सणाच्या शुभेच्छा द्याव्यात आणि खाली बसावे, ही रीत गांधीजींना लंडनपासून माहीत होती. गंभीर भाषणाची ही वेळ नाही, हे ते जाणून होते. तरीही ते उठले आणि पाश्चात्य सुधारणा या विषयावर बोलले. ही सुधारणा प्रामुख्याने बळावर उभी आहे आणि पूर्वेकडची तशी नाही, असे त्यांनी ख्रिस्तजन्माच्या दिवशी, ख्रिस्ती यजमानाच्या टेबलावर, त्याचेच अन्न खाऊन सांगितले.

हा उद्धटपणा झाला का? मी या प्रश्नाशी बराच रेंगाळलो आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरात त्याची उणीदुणी काढू नयेत, हा आपल्याकडचाही संकेत आहे. पण पाहुणा मनात एक ठेवून तोंडाने दुसरे बोलत असेल तर तोही एक प्रकारचा अपमानच, कारण त्यात यजमान खरे ऐकून घेण्याच्या लायकीचा नाही, असे गृहीत धरलेले असते. गांधीजींनी कप्तानाला त्या लायकीचा मानले, आणि कप्तान तसा निघाला. त्याने आणि इतरांनी भाषण शांतपणे ऐकून घेतले. पुढचे काही दिवस बोटीवरचे अधिकारी या विषयावर त्यांच्याशी बोलत राहिले. आपल्या भाषणाने त्यांच्या जीवनात काही फरक पडला असेल असे नाही, असे गांधीजींनी प्रांजळपणे लिहिले आहे.

पण एक प्रश्न मात्र नेमका आला. गांधीजींच्या आठवणीप्रमाणे तो कप्तानानेच विचारला. किनाऱ्यावरच्या गोऱ्यांनी धमकी खरी केली तर तुमच्या या अहिंसेच्या तत्त्वाचे काय? उत्तर असे होते की, त्यांना क्षमा करण्याचे आणि कोर्टात न खेचण्याचे धैर्य आणि बुद्धी ईश्वर मला देईल अशी आशा आहे. मला त्यांचा राग नाही, त्यांच्या अज्ञानाचे वाईट वाटते. विचारणारा हसला. त्या हसण्यात बहुधा अविश्वास होता. आणि त्याचे तरी काय चुकले? भरल्या पोटी, बोटीच्या सुरक्षित दिवाणखान्यात क्षमेची भाषा कोणीही करील.

१३ जानेवारी १८९७ रोजी बोटी धक्क्याला लागल्या. मंत्रिमंडळातले हॅरी एस्कंब यांनी जमावाला समजावून घरी पाठवले आणि गांधीजींना निरोप धाडला की, अंधार पडल्यावर बंदराच्या अधिकाऱ्याबरोबर उतरा. गांधीजींनी ते मानलेही होते. तेवढ्यात पेढीचे वकील लॉटन आले. चोरासारखे रात्री शिरू नका, चालत जाऊ, असे ते म्हणाले. कस्तुरबा आणि मुले गाडीतून पारशी रुस्तुमजींच्या घरी सुखरूप पोचली. गांधीजी आणि लॉटन पायी निघाले. त्यांच्या खास पगडीवरून काही पोरांनी त्यांना ओळखले आणि हाकाटी केली. लॉटननी रिक्षा बोलावली. माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे गांधीजींना आवडत नसे, तरी ते चढणार होते. पण पोरांनी रिक्षावाल्याला दम भरला आणि तो पळाला. गर्दी वाढली, लॉटनना बाजूला ओढले गेले. दगड, विटांचे तुकडे, सडकी अंडी आली. कोणी पगडी उडवली, कोणी लाथा घातल्या. गांधीजींना घेरी आली आणि त्यांनी एका घराचे कठडे धरून ठेवले.

त्याच वेळी पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची पत्नी तिथून जात होती. ती गर्दीत घुसली, ऊन नसताना तिने छत्री उघडली आणि ती गांधीजी आणि जमाव यांच्यामध्ये उभी राहिली. बाईला लागू न देता गांधीजींना मारणे जमावाला कठीण झाले. पोलीस आले आणि त्यांना रुस्तुमजींच्या घरी पोचवले. रात्री जमावाने त्या घरालाही वेढा घातला. अलेक्झांडर फाटकाशी उभे राहून जमावाला गाण्यात गुंतवत राहिले आणि गांधीजी हिंदी शिपायाच्या वेशात, डोक्याला धातूची ताटली आणि वर मद्रासी फेटा बांधून, मागच्या गल्ल्यांतून निसटले.

मग कसोटीची दुसरी घटका आली. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरा, अशी तार नाताळ सरकारला केली. एस्कंब यांनी गांधीजींना बोलावून माणसे ओळखायला सांगितले. गांधीजींनी खटला करायचा नाही, असे सांगितले आणि तसे लगेच लिहूनही दिले. दोष या पोरांचा नाही, चुकीची बातमी पसरवून त्यांना भडकवणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सांगितले कोणाला, तर त्या पुढाऱ्यांतच ज्यांची गणना होत होती त्या एस्कंबना. बोटीवरच्या जेवणानंतर दिलेला शब्द असा पुरा झाला. ज्या वर्तमानपत्रांनी आग लावली होती, त्यांनीच पुढे जमावाला दोष दिला.

गांधीजींना इथे देवत्व द्यायचा माझा हेतू नाही. त्या काळातल्या त्यांच्या लढ्यात रिक्षा ओढणाऱ्या आफ्रिकी माणसाला जागा नव्हती आणि त्याच्याबद्दल त्यांनी त्या वर्षांत लिहिलेले काही आज वाचवत नाही. कस्तुरबांच्या सोललेल्या बोटांचाही हिशेब आहेच. बळावर उभ्या असलेल्या सुधारणेवर ते टीका करीत होते, आणि टेबलापलीकडे बसलेल्या घरच्या माणसांवर त्याच सुधारणेचे बूट त्यांनी बळानेच चढवले होते. हे सर्व धरूनही तो दिवस लहान होत नाही. उलट ते भाषण पुढे कुठे जाणार होते, हे त्यातून कळते. त्यातली अर्धी टीका त्यांना स्वतःवरच करायची होती.

ती त्यांनी केली, आणि तीही समुद्रावरच. १९०९ सालच्या नोव्हेंबरात विलायतेहून आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर त्यांनी दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. बोटीच्याच कागदांवर २७५ पाने. उजवा हात थकला की डाव्या हाताने. अशी चाळीसेक पाने झाली. इंग्रज माणसाशी वैर नाही, पण ज्या सुधारणेने त्याला आणि आपल्याला घेरले आहे ती नको, हा त्या पुस्तकाचा गाभा. १८९६ च्या नाताळला जेवणाच्या टेबलावर जे चार शब्दांत मांडले होते, त्याचे इथे पुस्तक झाले.

आणि १९३१ साली पुन्हा तोच सण समुद्रावर आला. गोलमेज परिषद निष्फळ झाली होती. परतताना स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांचा पाहुणचार घेऊन, रोममध्ये व्हॅटिकनमधल्या क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीसमोर डोळे भरून येईपर्यंत उभे राहून, १४ डिसेंबरला ब्रिंडिसीहून ते ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. प्रवास डेकवरचा होता. एडमंड प्रिव्हा हे स्विस गृहस्थ आणि त्यांची पत्नी आयत्या वेळी बरोबर निघाली. आपल्याला एवढा खर्च झेपणार नाही असे ते म्हणाले, तेव्हा डेकवरून गेलात तर माणशी दहा पौंडच पडतात, असा हिशेब गांधीजींनी त्यांना सांगितला होता. पारशी कोट, मोजे, पहिला वर्ग यांतले काही उरले नव्हते. पंचा, चादर आणि घड्याळ.

२५ डिसेंबरला अरबी समुद्रावर पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी ख्रिस्ती सहप्रवाशांच्या विनंतीवरून ते येशूविषयी बोलले. पस्तीस वर्षांपूर्वी ते त्यांच्या सणाला पाहुणे होते. आता त्यांचा सण त्यांना समजावून सांगण्याची विनंती पाहुण्यालाच झाली होती. बोलण्यातला खरेपणा तसाच होता. मी बाहेरचा माणूस आहे, असे सांगूनच त्यांनी सुरुवात केली. डोंगरावरच्या प्रवचनाने आपल्याला कसे ओढून घेतले ते सांगितले. आणि मग, जगात शांती दिसत नाही तोवर ख्रिस्त जन्मला असे म्हणता येत नाही. हा जन्म वर्षातल्या एका दिवसाचा नव्हे, प्रत्येकाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडायचा आहे. अर्थ मनात नसताना दिलेल्या शुभेच्छा पोकळ असतात, अशा आशयाचे ते बोलले. १८९६ साली त्यांनी परक्यांची सुधारणा तोलली होती. १९३१ साली त्याच माणसांच्या देवाला आपला मानून, त्या देवाच्या मापाने सर्वांना, स्वतःलाही, ते तोलत होते. मधल्या काळात दरबानच्या रस्त्यावर लाथा खाऊन खटला नाकारलेला नसता, तर हे बोलण्याचा अधिकार त्यांना कुठून आला असता?

२८ डिसेंबरला ‘पिल्स्ना’ मुंबईला लागली. बोट समुद्रावर असतानाच खान अब्दुल गफार खान आणि जवाहरलाल नेहरू पकडले गेले होते, वटहुकूम निघाले होते. त्याच संध्याकाळी आझाद मैदानावरच्या सभेत गांधीजींनी या सगळ्याला ख्रिस्ती व्हाइसरॉयने पाठवलेली नाताळची भेट म्हटले. त्यात खेळकरपणा होता आणि कडवटपणा नव्हता. नाताळात एकमेकांना भेटी द्यायच्या असतात, हा रिवाज आता त्यांच्या चांगला परिचयाचा झाला होता. सातव्या दिवशी, ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, मणिभवनाच्या गच्चीवर पोलीस आले. तो सोमवार होता, त्यांच्या मौनाचा वार. ते काही बोलले नाहीत. कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून तयारीला अर्धा तास मागितला, प्रार्थना झाली, आणि ते येरवड्याच्या वाटेला लागले.